पालथी पाटी

आमच्या कारखान्यात सूत रंगतं आणि संचालक मंडळात माना डोलतात. दोन्ही कामं वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू होती, कारण दोन्हीकडचा रंग दादाच ठरवत.

दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले बंधू आणि कंपनीचे अध्यक्ष. माणूस सोन्यासारखा, फक्त त्यांना प्रश्न पडायच्या आत उत्तर सुचतं. बैठकीला ते सगळ्यांच्या आधी येतात आणि सगळ्यांच्या आधी बोलतात. त्यांचं झालं की विक्री सांभाळणारा त्यांचा धाकटा भाऊ म्हणतो, "दादा म्हणतात तेच." हिशेब सांभाळणारा मी म्हणतो, "माझंही तेच." कायद्याला बाहेरचं एक माणूस लागतं म्हणून घेतलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई काही विचारायला तोंड उघडतात, तोवर चहा आलेला असतो.

राहता राहिली चिऊ, दादांची मुलगी. रंगखातं तीच चालवते. तिथली धिप्पाड माणसं तिला मॅडम म्हणतात, पण बैठकीच्या खोलीत शिरली की तिची पुन्हा चिऊ होते.

भांडण विहिरीवरून होतं. अर्थात, भांडण म्हणायला दोघांनी बोलावं लागतं. कारखाना विहिरीच्या पाण्यावर चालतो. पाणी खोल चाललंय तसा त्यातला क्षार वाढतोय, आणि क्षार वाढला की आज रंगवलेला निळा कालच्या निळ्याला ओळख देत नाही. चिऊचं म्हणणं, वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचं यंत्र घेऊ. दादांचं म्हणणं, दुसरा हॉल बांधू, नवी यंत्रं टाकू आणि वर आबांचं, म्हणजे त्यांच्या वडिलांचं नाव लावू. बँकेचं कर्ज दोहोंपैकी एकालाच पुरणार. चिऊनं विषय काढला की दादा मायेनं म्हणत, "चिऊ, नंतर बघू."

आणि मग दादांच्या घशात गाठ निघाली. गाठ साधीच होती, निघूनही गेली. पण डॉक्टरांनी महिनाभर तोंड उघडायची बंदी घातली. कुजबुजायचंसुद्धा नाही. "डॉक्टर फार गुणी आहेत हो," असं वहिनी आम्हाला फोनवर दोनदा म्हणाल्या. त्यांनीच माळ्यावरून चिऊच्या लहानपणची लाल चौकटीची पाटी काढून दिली. हॉलचा निर्णय त्याच महिन्यात व्हायचा होता. बैठक पुढे ढकलतील ते दादा कसले. पाटी काखोटीला मारून आले.

जिन्यात चिऊनं मला गाठलं.

"आतोबा, मला दुसरीकडून बोलावणं आलंय. मोठी कंपनी आहे. आज हॉल ठरला तर मी जाणार."

"दादांना सांगितलंस?"

"नाही, आणि तुम्हीही सांगायचं नाही. मी जाईन म्हणून यंत्र घेतलं, तर तो लाड झाला. मला लाड नकोत."

तिच्या आजोबांनाही लाड आवडत नसत. मी ही गोष्ट पोटात घेऊन खुर्चीत बसलो.

दादांनी बसताक्षणीच खडू काढला, पाटीवर काहीतरी खरडलं आणि ती आमच्याकडे फिरवू लागले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "पालथी ठेवा. आधी सगळ्यांचं होऊ दे."

हा आवाज आम्ही त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. किंवा चहाच्या कपांत ऐकू आला नव्हता. दादांनी मुकाट्यानं पाटी टेबलावर पालथी ठेवली. इतकी वर्षं अध्यक्ष असलेला माणूस एका शब्दात तिसरीत गेला.

चिऊनं तिचं मांडलं. न थांबता, कारण थांबवायला कोणी नव्हतं. मग बाई धाकट्याकडे वळल्या. धाकटा दादांच्या भुवयांकडे बघत होता. पाटी नसली तरी भुवया चालू होत्या.

"भुवयासुद्धा आवरा," बाई म्हणाल्या.

धाकटा पाणी प्यायला. त्यानं रुमाल काढला, घडी घातली, खिशात ठेवला. "दादांचं काय म्हणणं आहे ते कळलं असतं तर..."

"ते शेवटी कळेल. तुमचं सांगा."

"माझं?" मालकी हक्काची वस्तू प्रथमच हातात पडावी तसा तो क्षणभर बघत राहिला. "माझं असं की, माल परत येतोय. रंग जुळत नाही म्हणून. मी हातापाया पडून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालतो. दुसरा हॉल झाला की दुप्पट माल परत येईल, आणि माझ्याकडे गळे तेवढेच आहेत."

दादांनी पाटी ओढून मागच्या बाजूला लिहिलं आणि दाखवलं: 'सांगितलं का नाहीस?'

"प्रश्न चालेल," बाईंनी परवानगी दिली.

"तुम्ही विचारता कुठे?" धाकटा खाली बघत म्हणाला. "विचारता तेव्हा उत्तरासकट विचारता, दादा."

चहावाला दार ढकलून आत डोकावला आणि वातावरण पाहून परत गेला.

माझी पाळी आली. पोटातली गोष्ट तोंडाशी आली होती. गिळली आणि माझ्या धंद्याचंच बोललो. "हॉलचा हिशेब कागदावर झकास दिसतो. पण त्यात विहीर कुठेच नाही. यंत्रं झिजतील तसा त्यांचा खर्च धरलाय. विहीर मात्र फुकट आणि अमर धरलीय. ती आटली तर आपण आबांच्या नावाची एक कोरडी खोली बांधलेली असेल."

"जावईबुवांना कंठ फुटला," धाकटा पुटपुटला.

"एकाचा गेला की दुसऱ्याला फुटतो," मी म्हणालो. दादांचे खांदे हलले. हसण्याची बंदी आहे की नाही, ते डॉक्टरांना कोणी विचारलंच नव्हतं.

"आता तुमची पाटी," बाई म्हणाल्या.

दादांनी ती उलटली. खडूनं ठसठशीत लिहिलं होतं: 'हॉल. ठरलं.' आमच्याआधी लिहिलेलं, आम्हाला दाखवायची त्यांना काही गरज नव्हती. उलटण्याआधीच पुसून टाकता आलं असतं. त्यांनी सगळ्यांना नीट वाचू दिलं. मग कोटाच्या बाहीनं पुसलं आणि सावकाश लिहिलं: 'पाणी आधी.' थोडं थांबून खाली: 'टाकीला आबांचं नाव.'

"बाबा, सांडपाण्याच्या टाकीला?" चिऊनं विचारलं.

दादांनी विचार केला आणि कडेला बारीक अक्षरात भर घातली: 'शुद्ध पाण्याच्या.'

यंत्र आलं तेव्हा दादांचा आवाजही परतला होता, जरासा घोगरा. पुढच्या बैठकीत त्यांनी घसा खाकरला. धाकट्याची मान सवयीनं वरखाली सुरू झाली, माझीही जराशी. दादांनी आमच्याकडे पाहिलं, तोंड मिटलं, पिशवीतून लाल चौकटीची पाटी काढली आणि पालथी ठेवली.

"बोला मॅडम," ते चिऊला म्हणाले. मध्ये दोनदा त्यांना राहवलं नाही, एकदा तर भिंतीच्या रंगावरून. बाईंनी नुसतं पाटीकडे बोट दाखवलं.

उतरताना मी चिऊला हळूच विचारलं, "आणि ते दुसरीकडचं बोलावणं?"

तिनं थेट बापासारखी मान तिरकी केली.

"नंतर बघू, आतोबा," ती म्हणाली आणि रंगखात्याकडे वळली.