थांब म्हणणारी तार

मी एक जुनी केबल आहे. मूळची लांबी दोन मीटर, रंग एके काळी पांढरा, आता चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. दोन्ही टोकांना नऊ-नऊ भोकांचं तोंड होतं. मित्रांनो, आपली हकिकत सांगताना जो तो आपले गुण सांगतो. मी मात्र माझा मत्सर सांगणार आहे, कारण माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं जे घडलं ते त्याच्यामुळेच.

सोलापुरात विजापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत अंध मुलांची निवासी शाळा आहे. तिथल्या ब्रेल प्रिंटरबरोबर मी एकाच खोक्यातून आले. हा प्रिंटर शाई वापरत नाही. जाड कागदावर कडाकडा ठिपके उठवतो आणि मुलं ते बोटांनी वाचतात. कॉम्प्युटरमधली अक्षरं प्रिंटरपर्यंत नेण्याचं काम माझं. दिसायला मी एक असले, तरी माझ्या पोटात बारीक तारा आहेत. एक तार कॉम्प्युटरचा निरोप घेऊन जाते, दुसरी प्रिंटरचा निरोप परत आणते. हा परतीचा निरोप फार महत्त्वाचा. प्रिंटरचं पोट लहान, दोन पानांत भरतं. भरलं की तो त्या तारेतून म्हणतो, ‘थांब.’ कॉम्प्युटर थांबतो. पोट हलकं झालं की म्हणतो, ‘आता दे.’ मुलांच्या पुस्तकात एक ओळही सांडायची नाही ती या एका तारेच्या जिवावर.

तेव्हा संगप्पा सर होते. काम झालं की ते मला सैलसर वेटोळं करून सपाट कप्प्यात ठेवायचे, वर धुतलेलं फडकं टाकायचे. पाहुणे आले की म्हणायचे, “मशीन परदेशी आहे, पण जीव या वायरीत आहे.” मी फुगून जायचे. सर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या निरोप समारंभाचं भाषणसुद्धा माझ्याच पोटातून गेलं.

मग गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात जुना कॉम्प्युटर गेला. एप्रिलातल्या एका दुपारी तो बंद पडला तो कायमचा. मला कुणीतरी करकचून गुंडाळलं, रबर लावलं आणि खिडकीतल्या खिळ्याला टांगलं. सोलापूरचं ऊन तुम्हांला सांगायला नको. दोन महिने मी तिथं भाजत होते. एके दिवशी तोंडापासून वीतभर अंतरावर पोटात कळ आली आणि परतीचा निरोप आणणारी ती तार आतल्या आत तुटली. वरचं आवरण जसंच्या तसं. बघणाऱ्याला काही कळू नये, अशी ती तुटली.

जूनमध्ये श्रीदेवीबाई नवा लॅपटॉप घेऊन आल्या. संगप्पा सरांच्या जागी आलेल्या या बाई कामाला वाघ होत्या. त्यांनी मला खिळ्यावरून उतरवलं, लॅपटॉपला चारी बाजूंनी फिरवून पाहिलं आणि मला टेबलावर टाकलं. माझं तोंड जाईल असं छिद्रच त्याला नव्हतं. होती ती सगळी यूएसबीची चपटी, अरुंद छिद्रं. मित्रांनो, ज्या घरात आपण राबलो त्या घराला आपल्यासाठी दारच उरलेलं नाही, हे कळतं तेव्हा कसं वाटतं?

बाईंचा चुलतभाऊ शिवयोगी चिंचोळी एमआयडीसीत कारखान्यांची मशीन दुरुस्त करतो. सुट्टीच्या दिवशी तो आला आणि खिशातून एक डबी काढली. काडेपेटीएवढी. एका अंगाला यूएसबी, दुसऱ्या अंगाला माझ्या मापाचं नऊ टाचण्यांचं तोंड, आत हिरवा दिवा. “आमच्याकडच्या जुन्या मशीन अशाच जोडतो की,” तो म्हणाला. त्यानं डबी लॅपटॉपला लावली, मला डबीला लावलं. प्रिंटर कडाडला आणि सगळी शाळा डबीभोवती गोळा झाली.

“केवढीशी आहे, पण बघा!” असं बाई म्हणाल्या. मुलांनी डबी एकमेकांच्या हातात दिली. तिला एक छोटी थैली शिवली गेली. काम झालं की डबी थैलीत आणि मी टेबलामागे, धुळीत. जुनं ते सोनं म्हणणारी माणसं भाषणात भेटतात, खोलीत भेटत नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मनात म्हणायचे, काल आलेली धाकटी जाऊ मोठीच्या डोक्यावर बसली. तिचं काम काय? माझंच बोलणं लॅपटॉपला समजेल असं करून सांगायचं. म्हणजे दुभाषी! तिला थैली, आणि दोन मीटर ओझं वाहणाऱ्या मला धूळ!

एक-दोन पानांच्या प्रश्नपत्रिका नीट यायच्या, कारण तेवढ्यात प्रिंटरला ‘थांब’ म्हणावंच लागत नसे. मला माहीत होतं की मोठं काम आलं की घात होणार. आणि खरं सांगते, मी त्याची वाट बघत होते. ओळी सांडल्या की बोल डबीला लागेल आणि तिची गठडी वळली जाईल, असा माझा हिशेब होता.

मोठं काम डिसेंबरात आलं. चार जानेवारीला ब्रेल जयंती असते. त्या दिवशी पाहुण्यांसमोर एक मोठी गोष्ट वाचायला बाईंनी आठवीतली सृष्टी निवडली. ही सांगोल्याकडच्या धुळाप्पा नावाच्या मेंढपाळाची मुलगी. पहिलीपासून इथंच वाढलेली, आणि बोटं अशी चपळ की ठिपके तिला बिलगायचे. गोष्ट वीस पानांची होती. बाईंनी पहिली दोन पानं तपासली, बरोबर होती. बाकीची तशीच बांधून तिच्या हातात दिली.

तिसऱ्या पानापासून ओळी गळाल्या होत्या. प्रिंटर ‘थांब, थांब’ ओरडत होता, पण त्याचा आवाज माझ्या पोटात मरत होता. वर्गात सृष्टीनं वाचलं, “आजीने तव्यावर भाकरी टाकली आणि तिला टांग्यात बसवून सासरी पाठवले.” वर्ग हसून लोळला. बाई म्हणाल्या, ओळ सोडू नकोस, सावकाश वाच. तिनं पुन्हा वाचलं, पुन्हा भाकरी टांग्यात बसली. दुसऱ्या दिवशी तेच. इतरांची एक-दोन पानं तर नीट होती, मग हिचंच कसं चुकतं? बाई चिडल्या. पाठांतरावर वाचतेस, बोटांत लक्ष नाही, घाई नडते, असं सगळ्यांदेखत बोलल्या.

चोर सोडून संन्याशाला फाशी! डबीला कुणी काही म्हणेना. बोल लागला पोरीला.

सृष्टी रोज बोटं कोमट पाण्यात बुडवून बसायची, फुंकर घालायची. मग एक दिवस ती बाईंसमोर उभी राहिली. “बाई, माजी बोटं मेली. मला आता ओळी लागत न्हाईत. बापूला बोलवा, मी घरी जाती.”

तुम्ही म्हणाल, केबलीला कुठं तोंड असतं, ती काय सांगणार? खरं आहे. पण तोंड असतं तरी मी सांगितलं नसतं. सांगितलं असतं तर मोडकी मी ठरले असते आणि डबी निर्दोष सुटली असती. तेराएक वर्षांची पोर आपल्या बोटांचं सुतक धरून बसली होती आणि मी डबीची जिरवायच्या नादात होते.

धुळाप्पा मेंढरं भावाच्या हवाली करून आला. सोबत रिकामी पिशवी होती. बाईंनी त्याला पुष्कळ समजावलं. तो एवढंच म्हणाला, “पोरगीच नगं म्हणती, तर कशाला कोंडून ठिवायची?” सृष्टीनं कपडे भरले. जाताना तिला ती गोष्ट नव्यानं छापून हवी होती, घरी सावकाश लावून बघेन म्हणाली. बाईंनी छापायला लावलं. सृष्टी प्रिंटरजवळ स्टुलावर बसली आणि तिचा हात सहज माझ्यावर पडला.

बोटं पुढं सरकली, थांबली, मागं आली. डबीपासून वीतभर अंतरावर तिनं मला दोन बोटांत धरलं, हलकेच दाबलं.

“बापू, हिकडं ये की,” ती म्हणाली. “कोकराचा पाय मोडल्यावर वरनं कातडं धड असतंय आन् आतनं मऊ लागतंय, तसं हाय बघ हितं.”

धुळाप्पानं आपला राठ अंगठा माझ्यावरून फिरवला. मेंढरांची हाडं बसवण्यात त्याची हयात गेली होती. “व्हय,” तो म्हणाला, “मोडलंय.” त्यानं बाईंच्या टेबलावरची पेन्सिल उचलली, मोडलेल्या जागी आधाराला लावली, मला ताणून सरळ केलं आणि पटक्याच्या टोकाची चिंधी फाडून घट्ट बांधलं. कोकराला बांधतात तसंच.

तारेची दोन टोकं एकमेकांना टेकली. बाईंनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सोडली. दोन पानं झाली आणि प्रिंटर म्हणाला, ‘थांब.’ लॅपटॉप थांबला. सहा महिन्यांत पहिल्यांदा थांबला. कागद हातात आला तसा सृष्टीनं वाचायला घेतला. आजीनं तव्यावर भाकरी टाकली, मग दारात लेक आली, मग रुसवा निघाला, मग लेकीसाठी टांगा आला, आणि मगच पाठवणी झाली. मधल्या सगळ्या ओळी जागच्या जागी होत्या. ती तिसऱ्या पानावरून पाचव्यावर गेली, सातव्यावर गेली, थांबेचना.

बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. “सृष्टी, मी तुला बोलले ते चुकलं गं. कागद तपासायचा सोडून तुलाच तपासत बसले.”

धुळाप्पानं पिशवीतले कपडे काढून स्टुलावर ठेवले, पिशवीची घडी करून काखेत मारली आणि चार जानेवारीला परत येतो म्हणून एसटी स्टँडकडे निघाला. आला तो कडक भाकऱ्या घेऊन, आणि पहिल्या रांगेत बसून त्यानं वीसच्या वीस पानं ऐकली.

शिवयोगीनं पुढच्या सुट्टीला येऊन माझा मोडका वीतभर तुकडा तोंडासकट कापला आणि माझ्या तारा थेट डबीलाच सोल्डरिंगचा डाग देऊन जोडल्या. जिच्यावर जळले तिच्याशीच आता जन्माची गाठ आहे. थैलीही आता मोठी, दोघींची एकच.

मित्रांनो, वस्तूंना जपा. आम्हांला करकचून गुंडाळू नका, उन्हात टांगू नका. आणि काही बिघडलं तर वायर बघा, डबी बघा, कागद बघा, पण पोराच्या बोटांवर संशय सगळ्यात शेवटी घ्या.

सृष्टी आता नववीत आहे आणि मोठं काम छापायचं असलं की प्रिंटरजवळ तीच बसते. सुरू करण्याआधी ती मला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन बोटांत धरून चाचपते, वीत-वीत दाबून बघते. तिचा माझ्यावर भरवसा नाही, आणि का असावा? डबीला मात्र ती कधीच तपासत नाही. थैली, हिरवा दिवा, कौतुक, सगळं मी सोडून दिलंय. हेवा वाटतो तो फक्त याचा.