साडूचा पंप

साडूची लाँच बुडाली त्याचं मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. चांगले चार दिवस वाटलं. पाचव्या दिवशी विम्याचा एजंट धक्क्यावर आला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "काळजी करू नका, नवी कोरी लाँच येईल." तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही.

तुम्हीच सांगा. अकरा वर्षं मी लाँचचा विमा भरतोय. बायकोची शिलाई मशीन घ्यायची राहिली, पण हप्ता कधी राहिला नाही. कंपनीकडे एकदाही हात पसरला नाही. त्याबद्दल कंपनीनं मला काय दिलं? दर वर्षी एक कॅलेंडर आणि हप्त्यात थोडीशी सूट, कधी क्लेम केला नाही म्हणून. ती सूट छापलेला कागद मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो, शाळेतलं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा. आणि यानं? यानं गेल्या वर्षी पहिला हप्ता भरला, तोही मी मागे लागलो म्हणून. दुसरा भरून तीन महिने झाले नाहीत तोच याला नवी लाँच!

सांगायला लाज वाटते, पण त्या आठवड्यात एकदा मी माझ्या लाँचच्या डेकवर उभा राहून तिला म्हणालो, "तुला काय झालं होतं गं बुडायला?"

तो माझा धाकटा साडू. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि दोघांचा धंदा एकच, या काठावरची माणसं त्या काठावर सोडायची. धक्क्यावर सगळे त्याला हसरा म्हणतात. तिकीट माझं आणि त्याचं सारखं, फेऱ्या सारख्या, पण लोक माझी लाँच सोडून त्याच्या लाँचसाठी थांबतात. का, तर तो म्हाताऱ्यांना हात देतो. मीपण देतो, पण माझा दिलेला कुणाला दिसत नाही. सासूबाई तर आमच्याकडे जेवायला बसल्या तरी धाकट्या जावयाचंच कौतुक वाढून घेतात. माझं नाव मिठासारखं, लागलं तरच.

आता पंपाचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

लाँचच्या तळाशी पाणी साचतंच. ते उपसायला पंप लागतो, आणि चालू पंप लाँचवर पाहिजेच ही विम्याची अट. दर वर्षी तपासणीला मॅडम येतात, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात पॅड. त्या एकेक लाँच बघत पुढे सरकतात, आणि आमच्या धक्क्यावर त्यांच्या मागून वस्तू सरकतात. आग विझवायची एकच लाल टाकी सहा लाँचवर दिसते. जाकिटांचंही तेच. कुणाला त्यात चुकीचं वाटत नाही. शेजारी साखर देतात, आम्ही टाकी देतो. माझा पंप दीड वर्षापूर्वी जळला होता. नवा घेऊ, नवा घेऊ म्हणत मी हप्ते भरत राहिलो. तपासणीच्या दिवशी हसरा आपला पंप दाखवून झाला की मागच्या बाजूनं माझ्याकडे द्यायचा. पंपावर पिवळ्या रंगाचा पट्टा होता, त्यावर मी फडकं टाकायचो.

वादळ आलं ते भर दुपारी. आमच्या लाँच नेहमीसारख्या शेजारी शेजारी बांधलेल्या. माझी जुनी, तिच्यात पाणी भराभर चढायला लागलं. मी बादलीनं उपसत होतो आणि तोंडानं शिव्या देत होतो. हसऱ्यानं आपल्या लाँचवरून बघितलं. नट खोलले, पंप उचलला आणि उडी मारून माझ्याकडे आला.

"अरे, तुझी?" मी विचारलं.

"माझी कोरडी आहे, दादा. आधी तुमचं बघू."

त्यानं स्वतःच्या हातानं पंप माझ्या लाँचला जोडला. पाणी उतरायला लागलं. तेवढ्यात कुठूनसा एक सुटलेला पडाव, मालाची मोठी होडी, वाहत आला आणि त्याच्या लाँचवर आदळला. फळी फुटली. आम्ही दोघं बादल्या घेऊन धावलो, पण बादलीनं काय होतंय? पंप परत न्यावा तर माझी बुडाली असती. अर्ध्या तासात त्याची लाँच आमच्या डोळ्यांसमोर खाली बसली. माझी तरंगत राहिली, त्याच्या पंपावर.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी जळत होतो, म्हणून तर सांगतोय.

बुडालेली लाँच वर काढल्यावर मॅडम आल्या. फळी बघितली, इंजिन बघितलं, आणि पंपाच्या रिकाम्या जागेवर येऊन थांबल्या. हसरा म्हणाला, वाहून गेला असेल. मॅडमनी नुसती मान हलवली आणि माझ्याकडे आल्या.

"तुमची लाँच शेजारीच होती. वादळाच्या वेळी त्यांच्या लाँचवर पंप होता का?"

आदल्याच दिवशी हसऱ्यानं मला नव्या लाँचचं चित्र दाखवलं होतं. पांढरीशुभ्र, निळी पट्टी, बसायला गाद्या. "दादा, इंजिन कुठलं घेऊ, तुम्हीच सांगा," असं वर विचारलं होतं. त्या गाद्या रात्रभर माझ्या डोळ्यांसमोरून हलल्या नव्हत्या.

"नव्हता," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की नव्हता."

खोटं कुठे बोललो? मॅडमनी लिहून घेतलं, मी खाली सही केली. पंप कुठे होता हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या दिवशी जेवण छान गेलं.

पुढं दोन महिने काही हललं नाही. पंप असता तर मदत येईपर्यंत लाँच तरली असती, म्हणून क्लेम देता येत नाही, असं कंपनी म्हणत होती. हसरा दुसऱ्याच्या लाँचवर दोर ओढायला जाऊ लागला. लोक आता माझ्या लाँचमध्ये बसत होते. फेऱ्या भरून जात होत्या. मला आनंद व्हायला हवा होता, आणि खरं सांगायचं तर थोडा होतही होता.

मग एका संध्याकाळी बायको बहिणीकडून आली आणि चप्पलसुद्धा न काढता दारातच बसली.

"तिनं हातातल्या बांगड्या मोडल्या," ती म्हणाली. "आणि तुम्हाला माहितीये, पंप कुठे होता ते हे सांगतच नाहीत कंपनीला."

"कोण हे?"

"कोण म्हणजे? धाकटे. ती रडून रडून सांगत होती, अहो सांगा ना भावजींना दिला म्हणून. तर म्हणाले, दादांचं नाव घ्यायचं नाही. दादांनी कागदावर स्वतःचा पंप आहे असं लिहून दिलंय, त्यांची अकरा वर्षांची पॉलिसी जाईल." बायकोनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तरी जाऊन सांगा. तुम्हाला कुणी विचारलं नाही का?"

मी पाणी प्यायला आत गेलो. दोन तांबे प्यायलो.

सकाळी धक्क्यावर जाऊन मी पंपाचे नट खोलले. त्याचा पंप दोन महिने माझ्याच लाँचमध्ये चालत होता, पिवळ्या पट्ट्यासकट. आता फडकंही टाकत नव्हतो. तो काखोटीला मारून मी कंपनीच्या ऑफिसात गेलो आणि मॅडमच्या टेबलावर, त्यांच्या कागदांवरच ठेवला. ठिबकत होता.

सगळं सांगितलं. तपासणीच्या दिवसाचंही सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी दोन फायली काढून शेजारी ठेवल्या. माझ्या फायलीत पंपाचा जो नंबर होता, तोच त्याच्या फायलीत.

"परवाच लक्षात आलं माझ्या," त्या म्हणाल्या. "बोलावणारच होते तुम्हाला. बरं झालं, आपणहून आलात."

एक लाँच वाचवायला पंप दिला, आणि ती लाँचही याच कंपनीच्या विम्यातली, म्हणून त्याचा क्लेम मंजूर झाला. तपासणीला पंप फिरवला म्हणून थोडी काटछाट केली त्यांनी, पण लाँच आली. पांढरीशुभ्र, निळी पट्टी, गाद्या. माझी सूट गेली, अकरा वर्षांची सगळी. हप्ता जवळजवळ दुप्पट झाला. पॉलिसी तेवढी मॅडमनी राहू दिली. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या ताटातलं उचलून माझ्या ताटात वाढलं. म्हणाल्या, "मोठेपणा लागतो असं जाऊन सांगायला." मी ते ताटाच्या कडेला सारून ठेवलं.

नव्या लाँचच्या पहिल्या फेरीआधी हसरा माझ्या डेकवर आला. हातात तोच पंप.

"हा ठेवा तुम्ही, दादा. हिला नवा आलाय." मग खिशातून एक चार घड्या घातलेला कागद काढला. "आणि हे तुमचं. घरात राहिलं असतं तर उगाच कुणीतरी वाचलं असतं."

मी उघडून बघितलं. माझा जबाब. 'नक्की नव्हता', आणि खाली माझी सही. कंपनीनं नकाराच्या पत्रासोबत त्याला नक्कल पाठवली होती. वर नक्कल पाठवल्याची तारीख होती. बायको दारात येऊन बसली त्याच्या चांगला दीड महिना आधीची.

म्हणजे हे वाचल्यावरसुद्धा तो बायकोला सांगत होता, दादांचं नाव घ्यायचं नाही.

"अरे, मला..." मी म्हणालो.

"जाऊ द्या हो. फेरीची वेळ झाली. तुमचीपण झालीय."

तो उडी मारून आपल्या लाँचवर गेला, एका म्हातारीला हात दिला, आणि निघाला. इंजिनाचा आवाज छान होता, मीच सांगितलेलं इंजिन. मी पंप मांडीवर घेऊन तिथंच बसलो. लाँचवर जळायचं, गाद्यांवर जळायचं, सासूबाईंच्या कौतुकावर जळायचं, हे मला जमतं, इतक्या वर्षांत हात बसलाय. या माणसाच्या मनावर कसं जळायचं ते मला कळेना, आणि तरी मी जळत होतो. देवाकडे एवढंच मागावंसं वाटतं, की एकदा, एकदाच, त्यानंही माझ्यावर जळावं.