ताकदीची गोळी

डॉक्टरीणबाईंनी नायलॉनचा ताठ धागा उचलला.

"डोळे मिटा, आजी. तळव्याला टेकलं की सांगा."

गोदूबाई डोळे मिटून वाट बघत राहिली.

"करा ना सुरू."

"दहा ठिकाणी टेकवून झालं."

गोदूबाईनं डोळे उघडले. अंगठ्याखाली मोठा काटा रुतला होता आणि ती दोन दिवस तशीच चालली होती. लादीवर रक्ताचे ठसे दिसले, तेव्हा कुठे कळलं.

"साखरेनं नसा बधिर झाल्यात. गेल्या वर्षीच लिहून दिलं होतं मी. गोळ्या कधी सोडल्या?"

"कंच्या गोळ्या? कसली साखर?"

कल्पेश, तिचा मुलगा, भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होता.

"आये, जिज्ञासाचं लगीन तोंडावर होतं. चिखलोलीतली सगळी लग्नं तू गाणी म्हणून लावलीस. तुझ्याच पोरीच्या मांडवात धवलारीण म्हणून दुसरी कोण उभी करायची? साखर ऐकली असतीस तर हातपाय गाळून बसली असतीस."

"आन लगीन झाल्यावर?"

"मग तुझ्या तळव्यांची आग थांबली ना! आम्हाला वाटलं, बरी झालीस."

"आग थांबली ती नसा मेल्या म्हणून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता साखर आवरली नाही, तर अंगठा राहील याची खात्री नाही. रोज कुणीतरी तळवे तपासायला हवेत. कोण बघेल?"

"मी," कल्पेश म्हणाला.

गोदूबाईनं पाय आखडून घेतला. लेकराला कडेवर घेऊन दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे तिनं हात केला. तळवे निखाऱ्यासारखे पेटायचे तेव्हा हीच करिष्मा लेकराला झोपवून तासतास तेल चोळत बसायची.

"माझी करिष्मा बघल. ती नाय मना फसवनार."

करिष्मा पुढं आली. डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागद तिनं निरखून वाचला.

"त्या मागच्याच ना, पांढऱ्या? जेवणानंतरच्या?"

बोलून गेली, आणि तिनं ओठ आवळले.

गोदूबाई तिच्या तळहाताकडे बघत राहिली. रोज जेवल्यावर पाण्याच्या तांब्यासोबत हाच हात पुढं यायचा. 'घ्या आई, ताकदीची आहे.' आग थांबली आणि हातही थांबला. तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"आई, माझं ऐका तरी..."

गोदूबाईनं वाकून, पाय नीट आत गेलाय का हे डोळ्यांनी बघत चपला घातल्या. करिष्मानं पुढं केलेला खांदा तिनं घेतला नाही. भिंतीला हात लावत ती बाहेरच्या टेबलापाशी आली.

"पुढची तारीख लिहिते, आजी," तिथली मुलगी म्हणाली. "सोबत कोण आहे तुमच्या?"

मागं लेकरू आज्जी-आज्जी करत होतं.

"कोनी नाय," गोदूबाई म्हणाली. "एकटीच आलंय."