श्वास सोडून घेतलेलं माप

"उरला! दोरा उरला!"

सभागृहात एकच गलका झाला. दोराबाबांनी ताईच्या पोटाभोवतीचा लाल दोरा पुन्हा आवळून दाखवला. मागच्या खेपेला नेमका बसलेला दोरा आज चांगला दोन बोटं जास्त होता.

"गाठ म्हणजे काय हो? रक्त पिऊन माजलेली बया! मी तिचं दाणापाणीच तोडलं!" बाबांची टकळी सुरू झाली. "आता हॉस्पिटलच्या त्या सुया बंद. सुईनं ती चिडते." एवढं बोलून बाबांनी डोळे मिटले, दानपेटीकडचा तेवढा किलकिला राहिला.

शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीनं हात जोडले. तिला वाढवलं होतं ते ताईनंच. ताईच्या आतड्यातला कर्करोग यकृतात पसरला, तेव्हा हॉस्पिटलात सुईतून औषध सुरू झालं आणि पहिल्या स्कॅनमध्ये गाठ लहान दिसली. नेमका त्याच सुमारास दोरा बांधलेला, त्यामुळे श्रेय गेलं दोऱ्याला. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ पुन्हा वाढली, तेव्हा दोष मात्र सुईच्या माथी आला. दोघींनी हॉस्पिटलची पायरी चढणं सोडलं.

पण ताईला आता उठवत नव्हतं. न राहवून धाकटी एकटीच हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंकडे गेली.

"आमचं औषध खोटं नव्हतं," बाई म्हणाल्या. "गाठ वाढायला रक्त लागतं, म्हणून ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या फुटवते. औषधानं ते अडवलं, गाठ आकसली. पण ती लबाड असते. एक वाट बंद झाली की दुसरे संदेश सोडून वाहिन्या फुटवते, नाहीतर शेजारच्या जुन्या वाहिन्यांना बिलगून वाढते. आता औषध बदलायला हवं."

"त्यानं बरी होईल?"

"माहीत नाही. थोडा वेळ मिळू शकेल. पण उशीर करू नका."

"मग दोरा का उरतो हो?"

"ते मी कसं सांगू? त्या जेवतात का नीट?"

धाकटीनं मनातल्या मनात दिवस मोजले. ताई कित्येक दिवस घोट घोट पाण्यावर होती.

आपल्या शिलाईच्या दुकानात परतली तर गिऱ्हाईक खोळंबलेलं. तिनं टेप लावली आणि सवयीनं म्हणाली, "श्वास धरू नका, माप चुकतं." हातातली टेप तशीच थांबली. उभा जन्म लोकांची मापं घेण्यात गेला आणि नेमकं ताईच्या वेळी हे सुचलं नाही, याचा तिला भयंकर राग आला.

पुढच्या बैठकीला ती स्वतःच पुढे झाली. "बाबा, माझं माप घ्या."

"छाती भरून श्वास घे, बाळ." दोरा बसला. बाबांनी मंत्र पुटपुटला. "आता सोड, पार सोड."

दोरा उरला. लोक ओरडले.

"मला गाठच नाही!" धाकटी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडली. "घरी जाऊन करून बघा, कुणाचाही दोरा उरेल! आणि माझी ताई उपाशी राहून वाळलीय, तिचा तर उरणारच!"

"पण माझ्या मुलाची गाठ खरंच कमी झालीय," एक बाप चिडून म्हणाला.

"त्याचं इंजेक्शन चालू आहे ना?"

बापानं हळूच मान डोलावली. बाबांना एकाएकी समाधी लागली.

घरी ताईनं सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा इतका उतरला की धाकटीला वाटलं, आपण उगाच बोललो.

"मग ते नवं औषध मला वाचवेल?"

"माहीत नाही, ताई. डॉक्टरबाईंनाही माहीत नाही." धाकटीला हुंदका आला.

मंडळी, जीव टांगणीला लागला की खात्री देणारा माणूस देवासारखा वाटतो. पण ज्याला 'माहीत नाही' म्हणता येतं आणि तरी जो उपाय तपासून बघतो, त्याच्याकडेच जा. दोरा उरला तर विचारा, माप कसं घेतलं?

ताईनं पोटावरचा दोरा ओढून पाहिला. बोटांत जोर नव्हता.

"कात्री आण," ती म्हणाली. "आणि आधी हॉस्पिटलची फाइल शोध."