डाव्या बाजूची खिडकी

बाईंनी सत्तावीस वर्षं बसमध्ये कंडक्टरची नोकरी केली, तीही सगळी उभ्यानं. निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांनी त्यांचा पहिला विमानप्रवास ठरला. लेक-जावई त्यांना आपल्या नव्या घरी घेऊन चालले होते. तिकिटं जावयानं काढली आणि कौतुकानं सांगितलं, "आई, तुम्हाला मधल्या वाटेची जागा घेतलीय. उजवीकडे, अगदी पंखाजवळ. उठाबसायला बरं."

"विमान कुठल्या दिशेला जातं?"

"उत्तरेला. का?"

"आणि डोंगर?"

"डोंगर पश्चिमेला. पण काय फरक पडतो? विमान म्हणजे काही बस नाही, आई."

बाईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. सकाळच्या गाडीला रोज निदान दहा माणसं त्यांना विचारायची, 'बाई, ऊन कुठल्या बाजूला येईल?' आणि बाईंचं उत्तर कधी चुकलं नव्हतं. सकाळची वेळ, उत्तरेचा प्रवास. म्हणजे उजवीकडे डोळ्यांत ऊन आणि डावीकडे त्याच उन्हात लखलखणारी शिखरं. एवढं कळायला आधी विमानात बसून यावं लागत नाही.

विमानतळावर जावई बॅगा वजनाला लावत होता, तेवढ्यात बाईंनी काउंटरवरच्या मुलीला गाठलं. "मला डावीकडची खिडकी हवी. पंख आडवा यायला नको."

"आजी, शेवटच्या रांगेतली एकच उरलीय. तिची पाठ मागे रेलत नाही, आणि मागेच बाथरूम आहे."

"मी झोपायला चालले नाहीये. द्या."

जावयाचा चेहरा उतरला. "लोक म्हणतील, सासूला एकटीला मागे टाकलं."

"सांगा, स्वतःच्या पायांनी गेली."

"आई, लहान मुलीसारखा हट्ट काय करतेस?" लेक कुजबुजली.

"लहानपणी करायचा राहून गेला," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

शेवटच्या रांगेत एक कोटवाले गृहस्थ मानेला उशी लावून त्यांच्या खिडकीला टेकले होते. त्यांनी एक डोळा उघडला. "मावशी, तुम्ही वाटेच्या कडेला बसा ना. मला झोपायचंय. तुम्हाला काय, कुठंही बसलं तरी सारखंच."

बाईंचा आवाज आपोआप चढला. भरल्या बसमध्ये मागच्या दारापर्यंत पोचायचा, तो आवाज. "तिकीट बघू!"

चार रांगांतल्या माना वळल्या. गृहस्थांचा हात मुकाट्यानं खिशात गेला, आणि मग ते स्वतःही मुकाट्यानं कडेला गेले.

तासाभरानं डोंगर आले. आधी बाईंना ते ढगच वाटले. मग ढगांना धारदार कडा फुटल्या, दऱ्यांमध्ये निळ्या सावल्या दिसायला लागल्या, आणि बर्फावर असं ऊन पडलं होतं की डोळे मिटवेनात. बाईंनी कपाळ काचेला टेकवलं. आयुष्यात घाट त्यांनी हजारदा चढला होता, पण लोकांच्या डोक्यांमधून, तिकिटं फाडता फाडता, वाकून दिसला तेवढाच.

"मॅडम, खिडकीचा पडदा खाली घ्याल का? काही जणांना उजेडाचा त्रास होतोय," विमानातली सेविका म्हणाली.

"हा नियम आहे की विनंती?"

"विनंती आहे."

"मग नाही घेणार."

सेविकेनं त्यांच्या खांद्यावरून एकदा बाहेर पाहिलं आणि पुढे निघून गेली.

थोड्या वेळानं लेक आली. झोपलेल्या गृहस्थांचे पाय ओलांडून मधल्या रिकाम्या जागेवर बसली. "आमच्याकडे नुसता पंख आणि ऊन. ह्यांनी तर पडदा ओढून..." बोलता बोलता तिचं लक्ष बाहेर गेलं. ती काचेकडे झुकली. "आई, मला बसू दे ना थोडा वेळ खिडकीत."

"नाही."

लेक आईकडे बघतच राहिली. हा शब्द आईच्या तोंडून तिनं कधी ऐकलाच नव्हता.

बाई जराशा मागे सरकल्या, तिला मान पुढे काढता येईल एवढ्याच. "इथून बघ हवं तेवढं. पण जागा माझी आहे. तुला खिडकी हवी असेल तर तुझी तू माग."

लेकीनं आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि दोघी बाहेर बघत राहिल्या.