मोगऱ्या थांबल्यावर

“आधी त्या साल बडवायच्या मोगऱ्या थांबवून या,” कालोलाइने नावाची नर्स म्हणाली. “माझ्या कागदावर तुमच्या गावचं लग्नच उमटतंय.”

राजधानीच्या बोटीने आलेलं यंत्र चर्चच्या पडवीत मांडलं होतं. चटईवर फुसीची लेक लेसिएली निजली होती, छातीवर चकतीएवढा माइक. काळजाचा आवाज कागदावर रेघ होऊन सरकत होता. दर ठोक्याला दोन उंच खुणा. त्यांच्या मधली जागा सपाट हवी, असं नर्सने सांगितलं होतं. लेसिएलीच्या रेघेत तिथे बारीक खरवड होती.

“हे काय?” फुसीने विचारलं.

“मोगऱ्यांचा हादरा असेल. नाहीतर काळजाची झडप गळत असेल. शांत झाल्याशिवाय कसं सांगू?”

मागे कधीतरी पोरीचा घसा धरला, मग गुडघे सुजले. ते गेलं, पण हल्ली चर्चच्या पायऱ्या चढतानाही तिला धाप लागायची. फुसी मोगऱ्या थांबवायला निघाली, पण पाय उचलेना. वाटेत दुसऱ्याचं डुक्कर तिसऱ्याच्या वाडीतून हाकललं. एरवी स्वतःचंही हाकलत नसे.

मांडवात बायका ओंडक्यावर झाडाची साल बडवत होत्या, लग्नाचं कापड करायला. मधोमध तिची नणंद, वाइमोआना. आमच्या बेटावर नवऱ्याच्या बहिणीपुढे नवऱ्याचंही चालत नाही, मग भावजयीचं काय घेऊन बसलात. फुसी खाली बसली, मोगरी उचलली आणि सगळ्यांहून जोरात बडवू लागली.

“पोरीला तिकडे टाकून इथे काय करतेस?” वाइमोआनाने विचारलं.

“यंत्र लावलंय, वन्सं.”

“काय म्हणतंय?”

“काही कळत नाही म्हणतात. आवाज फार आहे.”

“कसला?”

“आपलाच.”

“मग थांबा म्हणायचं सोडून बडवतेस काय, शहाणे?”

“थांबू नका, वन्सं,” फुसी म्हणाली. तिचा हात चालूच होता. “थांबलात तर कळेल.”

वाइमोआनाने आपली मोगरी खाली ठेवली, तशा बाकीच्याही थांबल्या. मग तिने फुसीचं मनगट धरलं.

“मलाही भीती वाटते गं,” ती म्हणाली. “ऊठ. दोघी जाऊ.”

गाव इतकं गप्प झालं की लाटा ऐकू यायला लागल्या. कागद सरकला. दोन उंच खुणा, आणि मधे तीच खरवड. नर्सने दुसरा कागद काढला. त्यातही तेच.

“पुढच्या बोटीने हिला राजधानीला आणा,” ती म्हणाली. “आणि घसा पुन्हा धरून झडप आणखी बिघडू नये म्हणून दर महिन्याला सुई, एकही चुकवायची नाही.”

“मरेल का?” हे वाइमोआनाच विचारू शकत होती.

“सुया चुकल्या नाहीत तर पुष्कळ सांभाळता येईल. पण झडप पहिल्यासारखी होईल असं नाही सांगत.”

लेसिएली छताकडे बघत होती. “आत्या, आता बडवू दे ना त्यांना,” ती म्हणाली. “शांत झालं की मलाच ऐकू येतं ते.”

वाइमोआनाने पडवीतूनच हाक घातली, “ए बायांनो, झोपलात का? हात चालवा.”

मोगऱ्या पुन्हा सुरू झाल्या. माइक काढला होता तिथे फुसीने तळवा ठेवला. एवढ्या गलक्यातही तिला तळव्याखाली ती खरवड वेगळी लागत होती. तिने हात काढला नाही.