निवदाची पन्नी

मित्रांनो, मी एक जुनी पन्नी आहे. तुमच्या पुस्तकात मला प्लास्टिकची पिशवी म्हणतात, आमच्या वऱ्हाडात मात्र पन्नीच. फुंकर मारली तरी उडणारी माझी जात. हिचं कसलं आलंय आत्मवृत्त, असं वाटेल तुम्हाला. तरी ऐका.

जमिनीखालच्या तेलापासून बनवलेले बारीक दाणे अकोल्याच्या एका कारखान्यात वितळवले आणि मी जन्मले. आमचं घराणं फार जुनं नाही. पूर्वी लोक लुगड्याची पिशवी घेऊन बाजाराला जात, वाणी कागदाच्या पुड्या बांधून देई, पंगतीला पळसाच्या पत्रावळी असत. मग आम्ही आलो. सुरुवातीला काय आमचे लाड! बायका आम्हाला धुऊन दोरीवर वाळत घालत, घडी करून गादीखाली जपत. पुढे आम्ही फुकट मिळू लागलो आणि लाड संपले. आता नालीत, बाभळीवर, शेताच्या धुऱ्यावर, जिथे पाहाल तिथे आम्ही.

धामणगावच्या बाजारातून गूळ घेऊन मी माणिकबाईंच्या घरी आले. माणिकबाई आणि त्यांचे यजमान केशवराव यांचा भाजीचा मळा होता. मळ्यात चांदी नावाची गाय होती, पहिल्यांदाच गाभण. माणिकबाईंचा तिच्यावर फार जीव.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. गाईचा नैवेद्य मळ्यात पोचवायचा होता आणि घरात सवाष्णी ताटावर बसलेल्या. माणिकबाईंनी पुरणपोळ्या माझ्यात भरल्या आणि मुंग्या लागू नयेत म्हणून घट्ट गाठ मारली.

"चांदीले एवढा निवद चारजा, अन् लवकर या," त्या केशवरावांना म्हणाल्या.

मळ्यात पाण्याची मोटार बंद पडली होती. केशवराव आधी तिच्याशी झटले, पण ती काही चालू झाली नाही. हात ग्रीसने काळे झाले आणि धुवायला पाणी नाही. असल्या हाताने महालक्ष्मीच्या नैवेद्याला शिवायचं कसं? त्यांनी मला दोन बोटांनी उचलून तसंच गव्हाणीत ठेवलं.

"खाय वो माय," म्हणत त्यांनी हात जोडले. चांदीने मला पोळ्यांसकट गिळलं.

तिच्या पोटात रस्त्यावर चरताना गिळलेल्या आणखी कितीतरी पन्न्या होत्या. आम्ही एकमेकींत गुंतून गोळा झालो. चांदीचं रवंथ थांबलं, पोट फुगलं. माणिकबाई तिच्या मानेवरून हात फिरवत बसून राहायच्या. डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता. चांदी गेली आणि तिच्या वासराने जग पाहिलंच नाही. मला रडता आलं असतं तर मी त्या दिवशी रडले असते.

डॉक्टरांनी बाहेर काढलेल्या गोळ्यात माणिकबाईंनी स्वतः मारलेल्या गाठीवरून मला ओळखलं.

"काहून हो डॉक्टरसाहेब, म्या तं तिले निवद देल्ला व्हता नं?"

"माह्ये हात मळले व्हते," केशवराव खाली बघत म्हणाले. "म्हून मी पन्नी नाही सोडली."



चांदीला मळ्यातच मीठ टाकून पुरलं. कोणीतरी आम्हालाही त्याच खड्ड्यात लोटलं.

मित्रांनो, गाईला घास द्या, पण हातावर द्या. उरलंसुरलं अन्न माझ्यात बांधून रस्त्यावर फेकू नका. बाजाराला जाताना कापडाची पिशवी न्या, एवढंच माझं मागणं आहे.

चांदी आता माती होत चालली आहे. माणिकबाईंनी त्या जागेवर वांगी लावली आहेत. जी राहायला हवी होती ती गेली, मित्रांनो, आणि मी मात्र इथे खाली अजून नवीच्या नवी आहे.